पेन्शन सुरू झाली, आता दिवसभर करायचं काय?

तासगावच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे मिस्टर पोस्टातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. सुरुवातीचे दिवस सत्कार, पाहुणे आणि देवदर्शनात गेले. आता सकाळचा पेपर वाचून झाला की घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू होतात. ताई लिहितात, ‘पैशाची चिंता नाही, पण माणूस कोमेजल्यासारखा दिसतो. निवृत्त लोक दिवसभर नक्की करतात तरी काय? पेन्शनच्या कागदांचं काय काय बघायचं असतं? आणि एका पतसंस्थेत त्यांना हिशेबाला बोलावलंय, पाठवू का?’

मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. आता स्वतः पेन्शनर आहे आणि सांगलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कागदपत्रांच्या टेबलावर बसते. त्यामुळे ताई, दोन्ही बाजूंनी पाहिलेलं सांगते.

निवृत्त माणसाचा दिवस छंदाने भरत नाही. ‘आता काहीतरी छंद लावून घ्या’ असं सगळेच सांगतात. पण चाळीस वर्षं ज्याने पेटी वाजवली नाही, तो साठीला एकदम पेटी घेऊन बसत नाही, आणि बसला तरी महिनाभरात कंटाळतो. दिवस भरतो तो कामाने. ते काम रोजचं, लहान, पण आपल्या अंगावर असलेलं हवं, म्हणजे आपण केलं नाही तर अडेल असं. तुमच्या मिस्टरांनी सकाळी टपाल फोडण्यापासून संध्याकाळी हिशेब जुळवण्यापर्यंत आयुष्यभर अशीच कामं केली. ती एका दिवसात संपली म्हणून माणूस कोमेजला आहे.

म्हणून पहिली गोष्ट. त्यांना निरोप सांगू नका, खातं सोपवा. ‘जरा कोथिंबीर आणता का’ हा निरोप झाला. तो दिवसातून पाच वेळा ऐकला की माणसाला आपण शिपाई झालो असं वाटतं, आणि तुम्हालाही वाटतं, त्यापेक्षा मीच गेले असते. दळण आणि भाजी हे पूर्ण खातंच देऊन टाका. डब्यात पीठ किती उरलं हे त्यांनी बघायचं, गहू चाळून-निवडून त्यांनी ठेवायचे, गिरणीत त्यांनी जायचं. महिनाभर त्यात बोलायचं नाही.

दळणात लक्ष घालण्यासारखं किती असतं हे बाहेरून कळत नाही. गिरणीवाल्याला विचारून ठेवावं लागतं की ज्वारी कोणत्या वेळी लावतो. ज्वारीच्या मागोमाग आपले गहू पडले तर पोळीच्या कणकेत ज्वारीचं पीठ येतं आणि पोळी लाटताना चिरते. ज्वारी बारीक दळून घ्यायची, तेही थोडी थोडी, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेने फाटते. दळण घरी आणलं की डब्याचं झाकण लगेच घट्ट लावायचं नाही. पीठ गरम असतं. वाफ आत कोंडली की गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात तर वास येतो. परातीत पसरून ठेवायचं, हात घालून गार लागलं की मगच डब्यात भरायचं. आमच्या संघातले एक गृहस्थ तहसील कचेरीतून निवृत्त झाले. पहिल्यांदा दळणाला गेले तेव्हा रांगेत खाली मान घालून उभे होते. आता गिरणीतल्या बायका त्यांना शाळूचा भाव विचारतात. घरी भाकरी मऊ झाली की ते दोन घास जास्त जेवतात, कारण त्या भाकरीत त्यांचंही काम असतं.

भाजीचंही तसंच. पहिले आठ दिवस ते जून गवार आणतील, किडकी वांगी आणतील. आणू दे. गवारीची शेंग वाकवली की टचकन मोडली पाहिजे, वांग्याचं देठ हिरवं आणि काटेरी हवं, हे सांगून कळत नाही, हाताला कळावं लागतं. निवडायलाही त्यांनाच बसवा. दुपारी चहानंतर दोघांनी समोरासमोर बसून मेथी निवडणं यासारखं निवांत बोलणं दुसरीकडे होत नाही. टीव्ही मात्र त्या वेळी बंद ठेवा.

इथे थोडं स्पष्ट बोलते. नोकरीतून ते निवृत्त झाले, तुम्ही झाला नाहीत. तुमचा सकाळचा स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं तसंच चालू आहे, उलट दुपारचा एक माणूस वाढला. काउंटरवर आलेल्या किती बायका मला म्हणायच्या, ‘यांना पेन्शन मिळाली, मला डबल ड्यूटी.’ दोघांची कामं नव्याने वाटून घेतली नाहीत तर पुढची वीस वर्षं कुरबुरीत जातात. दुपारचा चहा त्यांनी करायचा, हे आजपासूनच ठरवून टाका.

आता कागद. हे दुसरं खातं, आणि पोस्टातल्या माणसाला ते उत्तम जमेल. एक जाड फाइल करायची, तिच्यात वरती पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स. पीपीओ हातात आल्यावर बहुतेक लोक फक्त पेन्शनचा आकडा बघतात. मी सांगते, आधी तुमचं नाव बघा. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर बरोबर आहे ना, आधारवरच्या नावाशी जुळते ना, हे आत्ताच तपासा. माहेरचं नाव, सासरचं नाव, अर्धवट नाव, असे घोळ मी रोज पाहिलेत, आणि ते नेमके अशा वेळी उघडे पडतात जेव्हा ते निस्तरायची ताकद बाईच्या अंगात नसते. पेन्शनचं खातं दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचं करून घ्या. केंद्र सरकारच्या पेन्शनला पती-पत्नीचं असं जोडखातं चालतं, आणि कुटुंब पेन्शन, म्हणजे नवऱ्यामागे पत्नीला मिळणारी पेन्शन, सुरू करताना मग नवीन खातं उघडावं लागत नाही. हे बोलायला कोणालाच आवडत नाही. तरी ज्या घरात हे आधी बोललं गेलं, त्या घरची बाई काउंटरवर एका फेरीत मोकळी झालेली मी पाहिली आहे.

जन्मतारखेचा आणखी एक उपयोग आहे. केंद्राच्या पेन्शनरला ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ही वाढ लागू होते, आणि कुटुंब पेन्शनलाही ती आहे. पण पत्नीची जन्मतारीख पीपीओवर नसेल तर संगणकाला तिचं वय कळणार कसं? पात्र असूनही वाढ न मिळालेल्या आज्या मी स्वतः शोधून काढल्या आहेत. त्यांतल्या एकींना मागचा सगळा फरक एकदम मिळाला आणि त्यांनी नातसुनेला पैठणी घेतली. त्या दिवशी आमच्या टेबलावर पेढे होते.

हयातीच्या दाखल्याला फार घाबरू नका, पण विसरूही नका. तो १ ते ३० नोव्हेंबरमध्ये द्यायचा. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे गर्दी टळते. दिला नाही तर पेन्शन थांबते. नंतर दिला की थकलेली रक्कम मिळते, पण मधल्या काळात औषधाला हात पसरावा लागला तर ते मनाला लागतं. २०१४ पासून जीवन प्रमाणची डिजिटल सोय आहे. पूर्वी त्याला अंगठाच लागायचा आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. भांडी घासणाऱ्या, शेतात राबलेल्या बायकांचा अंगठा तर यंत्र घेतच नाही. आम्ही हात कोमट पाण्याने धुवायला लावायचो, पुसून थोडं तेल लावायचो, तरी तिसऱ्या खेपेलाच काय ते जुळायचं. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. फोनमध्ये जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप घ्यायची, चष्मा काढायचा, उजेडाकडे तोंड करून बसायचं (खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा येतो), आणि पडद्यावर सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. हे फुकट होतं. अंथरुणावरच्या माणसासाठी पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो, हे तुमच्या मिस्टरांना मी सांगायला नको.

अडचण येते ती दाखला निघाल्यानंतर. पीपीओचा एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी संस्था भलतीच निवडली, तर दाखला तयार होतो पण बँक तो नाकारते. माणूस निर्धास्त असतो आणि पेन्शन थांबल्यावर धावत येतो. म्हणून मेसेजमध्ये आलेला प्रमाण क्रमांक जपून ठेवायचा आणि दोन-चार दिवसांनी दाखला स्वीकारला गेला का ते बघायचं. तुमच्या गल्लीत जे खासगी कारखान्यातून किंवा सूतगिरणीतून निवृत्त झालेले ईपीएस-९५ चे (भविष्य निर्वाह निधीवाल्या पेन्शन योजनेचे) पेन्शनर असतील, त्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. ते वर्षात कधीही दाखला देऊ शकतात आणि तो पुढे १२ महिने चालतो. दाखल्याच्या नावाने फोन करून कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा. बँक असा फोन करत नाही.

पेन्शनची स्लिप दर महिन्याला मागून घ्या आणि एक हिशेब त्यांनाच करू दे. अंशराशीकरण, म्हणजे आपण ज्याला कम्युटेशन म्हणतो, त्यात पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी मिळतो आणि तेवढी दरमहाची पेन्शन कापली जाते. पण महागाई भत्ता मोजायचा तो पूर्ण मूळ पेन्शनवर, कापून उरलेल्या रकमेवर नाही. हे चुकलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि १५ वर्षांनी कापलेला भाग पुन्हा सुरू होतो. तो आपोआप व्हायला हवा, पण कम्युटेशनची तारीख बँकेच्या नोंदीत नसेल तर राहून जातो. ती तारीख फाइलच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तुम्ही राहता तिथे सीजीएचएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नसेल तर केंद्रीय पेन्शनरला बाह्योपचारासाठी दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. निवृत्तीच्या कागदांत तो पर्याय भरला होता का, तेही विचारा.

एवढं कागदांचं. आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचं आहे ते सांगते.

निवृत्त माणसाकडे अवचित थोडे थोडे पैसे येत राहतात. वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो, जानेवारीपासूनचा आणि जुलैपासूनचा. जाहीर व्हायला उशीर होतो म्हणून मागच्या महिन्यांचा फरक एकदम जमा होतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवले असतील तर एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला तिमाहीचं व्याज येतं. विवरणपत्र वेळेवर भरलं की कापलेल्या कराचा परतावा येतो. (२०२५ च्या एप्रिलपासून ज्येष्ठांना एका बँकेतल्या वर्षाच्या १ लाखापर्यंतच्या व्याजावर कर कापत नाहीत, त्यामुळे हा परतावा आता पुष्कळांच्या बाबतीत कमी झाला, ते बरंच झालं.) विजेच्या सुरक्षा ठेवीचं व्याज बिलात वळतं होतं. रद्दीवाला येऊन जातो.

या पैशांचं काय करता? बहुतेक घरांत उत्तर एकच, एफडीत टाकले. पगाराच्या दिवसांत ती सवय चांगली होती. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते होते. पण पेन्शनमध्ये महिना भागत असेल आणि आजारपणाची तजवीज केलेली असेल, तर हा फरक पुन्हा ठेवीत घालणं मला पटत नाही. काउंटरवर मी अशी माणसं पाहिली आहेत, ज्यांच्या पावत्यांची फाइल दोन हातांत मावत नव्हती आणि चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडून समोरचा फॉर्म दिसत नव्हता. कानाचं यंत्र घ्यायचं पुढच्या वर्षावर ढकलत गेलेले होते. त्यांना घरात नको कोणीच म्हटलं नव्हतं. स्वतःवर खर्च करायचा हातच त्यांना राहिला नव्हता.

आम्ही दोघं एक करतो. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला यादी असते. ज्याला जे हवंसं वाटेल ते त्याने लिहायचं. दुसऱ्याने ‘कशाला?’ विचारायचं नाही. चांगल्या कापसाची गादी, हलक्या वजनाचा कुकर, हापूसची पेटी, नाटकाची पुढच्या रांगेतली तिकिटं, गुडघ्याला बरे पडतील असे बूट. फरक जमा झाल्याचा मेसेज आला की यादीतली वरची गोष्ट घ्यायची. मागच्या खेपेला बूट घेतले. यजमान पूर्वी कोपऱ्यावरूनच परत फिरायचे, ते आता आमराईला पूर्ण फेरी मारून येतात आणि येताना ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन येतात. मग संध्याकाळी सोलाणे भाजायचे, वर मीठ. एवढ्याशा पैशात घराचा वासच बदलतो.

विसरलेला पैसाही शोधा, दुपारच्या वेळी हा फार छान उद्योग आहे. जुन्या ट्रंकेतली पासबुकं, सासऱ्यांच्या नावची ठेवपावती, कधीकाळी घेतलेले शेअर. बँकेत १० वर्षं कोणी हात न लावलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस कधीही मागू शकतो. २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे. तिथे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख घालून बघता येतं, आणि सापडलं की त्या शाखेत कागद घेऊन जायचं. लाभांश ७ वर्षं घेतला नाही तर तो आणि मागोमाग शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तेही परत मिळतात, फक्त चिकाटी लागते. ‘तुमचे पैसे काढून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वारसांच्या सह्या गोळा करताना भावाभावांत बोलणं सुरू झालेलं मी पाहिलं आहे, तेही काही थोडकं नाही.

आणि फिरा. लांबच्या यात्रा कंपनीचं नंतर बघू. तुम्हाला एसटीत निम्मं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना आहे. मिस्टरांना ६५ पर्यंत पूर्ण पडेल, ६५ ते ७५ निम्मं, आणि ७५ नंतर फुकट. राज्याच्या हद्दीपर्यंतच हे चालतं, म्हणजे बेळगावला जाताना पुढचं तिकीट पूर्ण. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच, पण तिकीट काढताना वय बरोबर घातलं तर खालच्या बर्थला प्राधान्य मिळतं.

तासगावहून नरसोबाच्या वाडीला सकाळी निघायचं, दर्शन घेऊन संगमावर बसायचं, बासुंदी खायची आणि दुपारच्या गाडीने परत. हे आडवारी करावं, पौर्णिमेला नको. आपल्याला आता आडवार मोकळा आहे, आणि निवृत्तीतलं मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. रविवारची गर्दी नोकरीवाल्यांना ठेवावी, आपण मंगळवारी जावं. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, दर्ग्यात झाडाखाली बसून ऐकायचं, तिकीट नाही. सकाळी ऑफिस नसल्यामुळे पहाटेपर्यंत बसता येतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं तो दिवस ५ नोव्हेंबर, त्या दिवशी सांगलीत रंगभूमी दिनाचा कार्यक्रम असतो. हयातीच्या दाखल्याचं काम सकाळी करा आणि संध्याकाळी तिकडे या.

आता पतसंस्थेचं. पेन्शनला त्याने काही धोका नाही, खासगी किंवा सहकारी संस्थेत काम केलं म्हणून पेन्शन कमी होत नाही. मानधन मात्र विवरणपत्रात दाखवावं लागेल. तरीही मी म्हणेन, लगेच हो म्हणू नका. एक नोव्हेंबर आणि एक मार्च घरी जाऊ दे. दाखला, परतावा, तिमाहीचं व्याज, हिवाळ्यातला हुरडा, उन्हाळ्यातलं वाळवण राखणं, हे सगळं एकदा अंगाखालून गेलं की त्यांनाच कळेल की वेळ उरतो की नाही. तेव्हाही जावंसं वाटलं तर जाऊ दे, पण अर्धा दिवस, आणि तोही सकाळचा. आणि कसलीही सही, जामीन किंवा संचालकपद घ्यायचं नाही, फक्त हिशेब लिहायचा. हे आधी लेखी ठरवून घ्या. पोस्टातून आलेला प्रामाणिक माणूस दिसला की त्याच्या नावावर ठेवी गोळा करायला पुष्कळ जण टपलेले असतात. लोक त्यांच्या तोंडाकडे बघून पैसे ठेवतील, आणि उद्या काही झालं तर तुमच्या दारात येतील.

पीपीओची झेरॉक्स आणि पेन्शनच्या दोन-तीन स्लिपा घेऊन दोघं एकदा सांगलीला या, महागाईचा हिशेब आपण मिळून तपासू. येताना बेदाणे मात्र आणा, तासगावचे.